अंगावरची कॅमेरा रिग घरीच बनवायची आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यात शॉर्ट फिल्म करणाऱ्या, विशेषतः कॉलेजच्या पोरापोरींकडून हेच प्रश्न फिरून फिरून येतात. म्हणून उत्तरं एका जागी लिहिली आहेत. क्रम लावलेला नाही. बनवायला बसणार असाल तर पाटी, दांड्या आणि बोल्ट हे तीन प्रश्न आधी वाचा.

बॉडी रिग म्हणजे नेमकं काय? गिंबल आहे की माझ्याकडे.

गिंबल कॅमेरामनच्या हातात असतो आणि तो कॅमेरा जमिनीच्या हिशेबानं स्थिर ठेवतो. बॉडी रिगमध्ये कॅमेरा नटाच्याच अंगाला बांधलेला असतो, तोंड नटाकडे: छातीवर पट्ट्यांनी आवळलेली पाटी, तिच्यातून पुढं निघालेल्या दांड्या आणि दांड्यांच्या टोकाला कॅमेरा. नट चालला की कॅमेराही तेवढाच चालतो. त्यामुळे पडद्यावर चेहरा खिळल्यासारखा दिसतो आणि मागचं जग हलतं, डोलतं, कलंडतं. दारू चढलेला माणूस, वाईट बातमी ऐकून घरी निघालेला माणूस, तापानं फणफणलेला माणूस हे सगळं यात संवादाशिवाय कळतं. गिंबलनं हे होत नाही, कारण त्याचं काम बरोबर उलटं आहे.

'स्नॉरीकॅम' म्हणतात ते हेच का?

हेच. आयनार स्नॉरी आणि एइदुर स्नॉरी या आइसलँडच्या दोन छायाचित्रकारांच्या नावावरून ते नाव पडलं. नाव सारखं असलं तरी ते भाऊ नव्हेत. अमेरिकी दिग्दर्शक डॅरेन अॅरनॉफ्स्कीनं १९९८ आणि २०००च्या आपल्या पहिल्या दोन चित्रपटांत ही रिग वापरली आणि ती जगभर पोहोचली. युक्ती मात्र त्याहून जुनी आहे. दिग्दर्शक मार्टिन स्कोर्सेसीनं १९७३मध्येच दारू प्यायलेल्या नायकासाठी नटाच्या अंगाला कॅमेरा बांधला होता.

माझ्या फिल्मला ही लागेल का?

बहुतेकांना लागत नाही. पंधरा मिनिटांच्या फिल्ममध्ये असा एखादा शॉट, फार तर दोन. प्रेक्षकाला पहिले काही सेकंद चमत्कार वाटतो, मग चक्कर यायला लागते. पात्राच्या डोक्यात काहीतरी बिघडलंय हे दाखवायचं असेल तर जरूर वापरा. नुसतं 'भारी दिसतं राव' म्हणून वापरणार असाल तर तोच दिवस लाइट नीट लावण्यात घालवा.

फोन चालेल की कॅमेराच पाहिजे?

पहिल्या रिगसाठी फोनच बरा. फोनचं वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास, अॅक्शन कॅमेऱ्याचं त्याहून कमी. मिररलेस कॅमेरा लेन्ससकट पाऊण-एक किलोवर जातो. घरच्या रिगवर एक किलोच्या वर जाऊ नका. छोट्या कॅमेऱ्यानं काढलेला स्थिर चेहरा मोठ्या कॅमेऱ्यानं काढलेल्या थरथरत्या चेहऱ्यापेक्षा केव्हाही चांगला.

सामान कुठं मिळेल? इथं तर असलं दुकानच नाही.

सिनेमाच्या सामानाचं दुकान शोधूच नका. स्लायडिंगच्या खिडक्या बनवणाऱ्या माणसाकडे जा. छत्रपती संभाजीनगर, जालना, लातूर, नांदेड, परभणी, कुठंही तो सापडतो. त्याच्या दुकानाच्या कोपऱ्यात अॅल्युमिनियम सेक्शनचे कटपीस पडलेले असतात. तुम्हाला लागणारे दोन-अडीच फुटांचे तुकडे त्याच्या काही कामाचे नसतात, त्यामुळे तो ते किलोवर देऊन टाकतो. पाऊण इंची चौकोनी पाइप बघा, भिंत सव्वा मिलिमीटरच्या आसपास असलेला. नखानं दाबून चेपतो असा पातळ नको.

छातीच्या पाटीसाठी सुताराकडचा नऊ मिमी प्लायचा तुकडा पुरतो.

पट्ट्यांसाठी कृषी सेवा केंद्र गाठा. पाठीवरच्या सोळा लिटरच्या फवारणी पंपाचे खांद्याचे पट्टे सुटे मिळतात. पाण्यानं भरलेला पंप घेऊन माणूस कपाशीत दिवसभर फिरतो तो त्या पट्ट्यांच्याच जिवावर, तेव्हा तुमच्या कॅमेऱ्याचं ओझं त्यांना काहीच नाही. फक्त नवे घ्या. शेतातल्या पंपाचे जुने पट्टे कितीही धुतले तरी त्यात औषध मुरलेलं असतं, आणि ते नटाच्या घामाच्या अंगाला लागणार आहेत.

कमरेसाठी मेडिकलमधला पाठदुखीचा रुंद पट्टा मिळतो. तो आकाराला उत्तम, पण त्याच्या वेल्क्रोवर भिस्त ठेवू नका. वरून बकलचा एक साधा पट्टा आवळा.

लोखंड कामून नको? आमच्या गल्लीत वेल्डिंगचं दुकान आहे.

वजनापायी. एक इंची, दीड मिमी भिंतीचा चौकोनी पाइप मीटरभर घेतला तर अॅल्युमिनियमचा चारशे ग्रॅमच्या आत भरतो, लोखंडाचा एक किलो शंभर ग्रॅमच्या पुढं जातो. तीन दांड्या म्हटल्या की फरक तुम्हीच मोजा. जालन्यात लोखंडाची काय ददात, सळ्यांचं गावच ते, पण इथं तो मोह आवरायचा.

उलट बाजूनं हेही ध्यानात ठेवा की नेहमीच्या वेल्डिंगवाल्याकडे अॅल्युमिनियम जोडून मिळत नाही. त्याला आर्गॉनचं वेल्डिंग लागतं आणि ते वाळूज-चिकलठाण्यासारख्या एमआयडीसीच्या आसपास मिळतं. आपल्याला त्याची गरज नाही. सगळे जोड नट-बोल्टचेच ठेवा, म्हणजे रिग सुटी करून एसटीत नेता येते.

पीव्हीसी पाइप?

नको. चालताना डुलतो.

छातीची पाटी कशी बनवायची आणि कशी बांधायची?

सगळा खेळ इथंच आहे. लोक दांडीवर डोकं खपवतात आणि पाटी दप्तरासारखी गळ्यात लटकवतात. मग चित्र हललं की दोष दांडीला.

आधी हिशेब बघा. एक किलोचा कॅमेरा छातीपासून ६० सेंटीमीटरवर आहे. त्याचं वजन पाटीला पुढं पाडायला बघतं. पाटीची वरची कड छातीपासून सुटू पाहते आणि खालची कड पोटात रुतते. पाटी ३० सेंमी उंच असेल तर वरच्या पट्ट्यांवर दोन किलोची ओढ येते आणि खाली पोटावर दोन किलोचा दाब. तीच पाटी २० सेंमीची केली तर दोन्हीकडे तीन-तीन किलो. हा झाला उभ्या माणसाचा हिशेब, चालताना प्रत्येक पावलाला धक्का बसतो तो वेगळाच. म्हणून पाटी उंच हवी. गळ्याच्या खळग्याच्या चार बोटं खालून सुरू होऊन बेंबीच्या जरा वर संपणारी. रुंदीला वीत-सव्वा वीत बास. जास्त रुंद केली तर हात हलवताना दंडांना लागते.

कोपरे गोल करा, कडा पॉलिश पेपरनं घासा. आतल्या बाजूला योगाच्या मॅटचे दोन थर चिकटवा, मधोमध उभी चर मोकळी सोडून, म्हणजे छातीच्या हाडावर दाब येत नाही आणि घामाला वाट मिळते. बाई ही रिग घालणार असेल तर पाटी तिच्या अंगावर कागदी पुठ्ठा धरून तिलाच आखू द्या. अशा वेळी पाटी छातीच्या खालून सुरू करून कमरेच्या पट्ट्यावर जास्त भार टाकलेला बरा.

पट्टे चार जागी लागतात. वरच्या दोन कोपऱ्यांतून निघून खांद्यांवरून पाठीवर जाणारे दोन. ते पाठीवर एकमेकांना ओलांडून म्हणजे फुलीसारखे न्यायचे आणि पाटीच्या खालच्या कोपऱ्यांत परत आणायचे. तिसरा काखेखालून छातीभोवती, चौथा कमरेचा. फुली जिथं पडते तिथं मोच्याकडून चामड्याचा तुकडा शिवून घ्या, नाहीतर पट्टे खांद्यावरून बाहेर घसरतात. पट्टा प्लायला जिथं बसतो तिथं खिळा किंवा स्क्रू मारू नका. पाटीत उभी खाच पाडा, पट्टा त्यातून ओवा आणि दुमडून शिवा.

आवळल्यावर परीक्षा सोपी आहे. नटाला खोल श्वास घ्यायला सांगा. श्वास पूर्ण गेला पाहिजे, आणि तुम्ही पाटीची वरची कड धरून ओढली तर पाटीबरोबर माणूस हलला पाहिजे, नुसती पाटी नाही.

दांड्या किती आणि कशा लावायच्या?

एका दांडीची रिग विसरा. ती वर-खाली सांभाळली तर आडवी हलते. तीन दांड्या घ्या. दोन पाटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांतून आणि तिसरी त्यांच्याही वीतभर खालून, कमरेच्या पट्ट्यावरच्या छोट्या प्लायच्या तुकड्यातून. तिन्ही पुढं जाऊन कॅमेऱ्याखाली एका जागी मिळतात. आडवी केलेली तिपाई समजा.

'मग दांड्या फ्रेममध्ये येणार नाहीत का?' हा पुढचा प्रश्न ठरलेला. नाही येणार, जर दांडी सरळ असेल आणि ती अंगावर फ्रेमच्या खालच्या कडेच्या खालून निघत असेल. फ्रेमबाहेरच्या बिंदूपासून सरळ कॅमेऱ्याखाली आणलेली रेष पूर्ण वाटभर फ्रेमबाहेरच राहते. वाकवलेली, एल आकाराची दांडी मात्र हमखास दिसते, शिवाय कोपऱ्यात लवते. त्यामुळे सुंदर वळणदार डिझाइनच्या नादी लागू नका.

पाइपची टोकं ठोकून चपटी करू नका, अॅल्युमिनियम तिथंच तडकतं. टोकात तीन मिमीची फ्लॅट पट्टी दोन इंच आत सरकवा, आरपार दोन बोल्ट मारा आणि बाहेर राहिलेली पट्टी हवी तशी वाकवा. बोल्टचे नट नायलॉकचेच, म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेले. साधे नट चालण्याच्या हादऱ्यांनी सैल होत जातात आणि ते सैल झाल्याचं चित्र बघितल्यावरच कळतं.

लांबी किती ठेवायची?

लेन्सवर आहे. फुल फ्रेमच्या, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याच्या हिशेबात २४ मिमीची लेन्स ६० सेंमीवर साधारण ९० सेंमी रुंद आणि ५० सेंमी उंच एवढं दाखवते. म्हणजे चेहरा, खांदे आणि दोन्ही बाजूंना भरपूर मागचं जग. बहुतेक फोनचा मुख्य कॅमेरा याच्या जवळपासच असतो. एपीएस-सी, म्हणजे त्याहून लहान सेन्सरच्या कॅमेऱ्याच्या किटलेन्सचं (सोबत मिळते ती लेन्स) १८ मिमीचं टोकही जवळच जातं, पाऊण मीटरच्या आसपास रुंदी मिळते. सगळ्यांच्या आवडीची पन्नासची लेन्स त्याच कॅमेऱ्यावर ६० सेंमीवरून वीत-सव्वा वीतच दाखवते. निव्वळ चेहरा. मागचं जगच दिसलं नाही तर रिग कशाला बांधली?

५५ ते ६५ सेंमी ठीक. त्याहून जवळ गेलात तर नाक मोठं दिसतं. लांब गेलात तर वरचा किलोंचा हिशेब चढत जातो. लेन्स नाकाच्या उंचीला किंवा जरा वर ठेवा. खाली ठेवली तर नाकपुड्यांचा शॉट मिळेल.

कॅमेऱ्याखालचा बोल्ट कोणता? हार्डवेअरवाल्यानं सहाचा दिला.

परत करा. कॅमेऱ्याच्या तळाचं भोक पाव इंची, इंचाला वीस आट्यांचं असतं. दुकानात 'दोन सुती' म्हणून मागा, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सहाचा मेट्रिक बोल्ट दिसायला तसाच, कारण पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी. पण त्याचे आटे बारीक, एक मिलिमीटरचे. तो भोकात सैल शिरतो, दोन-तीन फेरे फिरतो आणि अडतो. तिथं पान्याचा जोर लावला की कॅमेऱ्याचे आटे गेले. त्यामुळे बोल्ट आधी जुन्या ट्रायपॉडच्या प्लेटशी जुळवून बघा, कॅमेऱ्यावर प्रयोग नको. बरोबर बोल्ट बोटांनी शेवटपर्यंत फिरतो.

दुसरी गोष्ट लांबीची. कॅमेऱ्यात साडेचार मिलिमीटरच्या वर शिरता कामा नये, नाहीतर टोक भोकाच्या तळाला जाऊन टेकतं आणि आतून नुकसान करतं. जादा लांबी वायसर घालून खा किंवा करवतीनं कापा. कापल्यावर टोक कानशीनं घासायला विसरू नका. फोन असेल तर स्क्रूनं आवळायचा धातूचा होल्डर घ्या. स्प्रिंगचा नको.

तोल राखायला पाठीवर वजन बांधू का?

गणित करा. पुढं एक किलो ६० सेंमीवर, मागं पाठीवरचं वजन फार तर २० सेंमीवर. म्हणजे तीन किलो बांधावे लागतील, आणि नट चार किलो घेऊन अभिनय करणार. पाटी आणि कमरेचा पट्टा नीट असेल तर गरज पडत नाही. पॉवर बँक किंवा आवाजाचा रेकॉर्डर तसाही लागणारच असेल तर तो मात्र पाठीवर बांधा.

सगळं केलं तरी चेहरा थरथरतो.

कॅमेरा बोटानं हलकेच दाबून सोडा. एका झटक्यात थांबला तर रिग ठीक आहे. तीन-चारदा डुलला तर एक-एक जोड हातानं धरत पुन्हा दाबून बघा. जो जोड धरल्यावर डुलणं थांबतं तोच गुन्हेगार. बहुतेक वेळा कमरेचा पट्टा सैल निघतो. कॅमेऱ्याखाली रबराचे वायसर घालून हादरे शोषायचा सल्ला पुष्कळ जण देतात. इथं तो उलटा पडतो, चित्र जेलीसारखं हलतं.

फोनचं स्टॅबिलायझेशन चालू ठेवू?

बंद. त्याचं काम मागचं जग स्थिर करायचं, आपल्याला चेहरा स्थिर हवाय. चालू ठेवलं तर दोघांची ओढाताण होते आणि चेहरा पाण्यात तरंगल्यासारखा डोलतो. काही फोनमध्ये लेन्सचं स्थिरीकरण बंदच करता येत नाही. तसा फोन असेल तर अॅक्शन कॅमेरा कुणाकडून तरी मागून आणा.

फोकस, शटर वगैरे?

फोकस मॅन्युअल करून कुलूप लावा. अंतर बदलतच नाही, तेव्हा ऑटोला काम काय? एक्स्पोजरही लॉक करा, नाहीतर नट उन्हातून ओसरीत आला की मागचा उजेड फसकन बदलतो. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागावर. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइटखालीही चित्रात काळे-पांढरे पट्टे येत नाहीत. बाहेर उन्हात एवढं शटर ठेवायचं तर एनडी फिल्टर (लेन्सवर लावायची, उजेड कमी करणारी काच) लागतोच.

पट्टे कपड्यांत कसे लपवायचे?

पट्टे आत, शर्ट वर, आणि दांड्या शर्टाच्या दोन गुंड्यांमधून किंवा खालून बाहेर. फ्रेम छातीच्या वरच्या भागाशीच संपते, त्यामुळे खाली काय सर्कस चाललीय ते कुणाला दिसत नाही. ढगळ नेहरू शर्ट सगळ्यात सोपा. खांद्यावर उपरणं किंवा गमछा टाकला की खांद्याचे फुगवटेही गेले. साडीत एक खांदा पदरात झाकला जातो, दुसऱ्या बाजूसाठी लांब बाहीचं जाड ब्लाउज किंवा शाल. टीशर्ट मात्र सगळं उघडं पाडतो.

आवाज?

कॅमेऱ्याचा माइक जवळ असला तरी त्यात पाटीची करकर येते. कॉलरला छोटा माइक लावा, त्याची वायर दांडीला चिकटवू नका. शॉटमध्ये संवाद कमी ठेवता आले तर उत्तमच.

नटाला धोका कितपत?

आहे, आणि तो गंमतीत घेऊ नका. रिग घातलेल्या माणसाला समोरची जमीन दिसत नाही. पडताना तो हात पुढं टेकतो, पण हातांच्या आधी दांड्या जमिनीला लागतात आणि पाटी बरगड्यांत घुसते. म्हणून बाजूला, फ्रेमबाहेर, एक माणूस कायम चालत ठेवायचा. त्याला दुसरं काम सांगायचं नाही. वाट आधी नटाला रिगशिवाय चालायला लावा, मग रिग घालून कॅमेऱ्याशिवाय.

कमरेचं आणि छातीचं बकल एका हातानं सुटलं पाहिजे. कॅमेऱ्याला वेगळी दोरी बांधून ती पाटीला अडकवा, बोल्ट निसटला तरी कॅमेरा खाली जायला नको.

धावायचा शॉट जलद चालून काढा, पडद्यावर फरक कळत नाही. जिने, बारव, विहिरीचा काठ, गच्चीचा कठडा, रेल्वेरूळ या ठिकाणी रिग घालायचीच नाही. मोटारसायकलवर तर अजिबात नाही. दम्याचा, पाठीचा त्रास असलेल्या माणसाला किंवा गरोदर बाईला ती घालू नका, त्यांनी स्वतःहून तयारी दाखवली तरी.

एप्रिल-मेमध्ये जमेल का?

सकाळी दहाच्या आत किंवा साडेचारनंतर. आपल्याकडे पारा बेचाळीसच्या पुढं गेला की फोन रेकॉर्डिंग मधेच बंद करतो, आणि उन्हात ठेवलेली अॅल्युमिनियमची दांडी हाताला चटका देते. टेक संपला की रिग सावलीत. पट्टे दर दोन-तीन टेकनंतर सैल करा, नटाला पाणी द्या. छातीवर फोम बांधलेला माणूस 'मी ठीक आहे' म्हणत म्हणतच भोवळ येऊन बसतो.

शूटिंग कुठं करावं?

गर्दी जितकी जवळून जाते तितका हा शॉट खुलतो, कारण मागची माणसं कडेकडेनं सरकत जातात. अरुंद बोळ, आठवडी बाजार, गुलमंडीची संध्याकाळ, लातूरची गंजगोलाई. मोकळ्या माळावर काहीच घडत नाही, क्षितिज तेवढं हलतं. बाजारात पोलीस ठाण्याला आधी कळवून ठेवा, अंगावर पट्टे आणि पाइप बांधलेला माणूस पाहून लोक दचकतात.

दौलताबादचा किल्ला, बीबी का मकबरा, वेरूळ, अजिंठा ही केंद्रीय पुरातत्त्व खात्याची ठिकाणं. तिथं रीतसर परवानगी काढल्याशिवाय रिग घेऊन जाऊ नका. दौलताबादच्या अंधारी वाटेचा मोह सगळ्यांना होतो. पण तिथं उजेड नाही आणि पायऱ्या आहेत, म्हणजे परवानगी मिळाली तरी उत्तर नाहीच.

कॅमेरा पाठीमागून लावता येईल का?

येतो. व्हिडिओ गेममध्ये दिसतं तसं डोकं आणि खांदे मागून, पुढं रस्ता. नटाला समोरचं दिसतं, त्यामुळे हे जास्त सुरक्षितही आहे. तीच पाटी पाठीवर बांधायची, पण कॅमेरा डोक्याच्या जरा वर घ्यावा लागतो. म्हणजे दांड्या लांब, म्हणजे कॅमेरा हलकाच हवा. वळताना मागच्या माणसाला दांडी लागते, तेव्हा बाजूचा माणूस इथंही लागतोच.

लहान मुलाला रिग घालता येईल का? माझं मुख्य पात्र नऊ वर्षांचं आहे.

नाही. पण तोच परिणाम अंगाला काही न बांधता मिळतो. मूल आणि कॅमेरा यांच्यातलं अंतर बदलायचं नाही, एवढीच तर मूळ अट आहे. हवेच्या टायरची हातगाडी घ्या, एका टोकाला मुलाला बसवा, दुसऱ्या टोकाला कॅमेरा फळीला घट्ट आवळा. कॅमेऱ्यापासून चेहरा साधारण ६५ सेंमी, फ्रेम छातीच्या वर कापलेली, म्हणजे गाडी दिसत नाही. दोघांनी गाडी सिमेंट रस्त्यावरून सावकाश ढकलायची आणि मुलाला खांदे चालल्यासारखे थोडे हलवायला सांगायचं. हिसका हवा असेल तर चाकाखाली गोणपाटाची घडी टाका.